शाळेची इंग्रजी कादंबरी आणि घरची मराठी: द्विभाषिक मुलांच्या वाचनाला घरून हातभार कसा लावावा

मैत्रिणींशी इंग्रजीत तासन्‌तास गप्पा मारणारी मुलगी शाळेने दिलेल्या दोनशे पानी कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणातच अडकते, तेव्हा घरातले गोंधळतात. इंग्रजी तर छान येतं, मग पुस्तक का पुढे सरकत नाही? कंटाळा करते की काय? बहुतेक वेळा कंटाळा नसतो. बोलायचं इंग्रजी आणि पुस्तकातलं इंग्रजी यांत मोठं अंतर असतं, आणि ते मूल त्या अंतरात सापडलेलं असतं.

कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा फरक स्पष्ट मांडला. नव्या भाषेत रोजचं बोलणं साधारण दोन वर्षांत सफाईदार होतं. अभ्यासाची भाषा मात्र त्याच वयाच्या इतर मुलांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षंही लागतात. कादंबरी तर त्याहून निराळी. तिच्यातली वाक्यं कोणीच मैदानावर किंवा जेवणाच्या टेबलावर बोलत नाही. न्यूझीलंडचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला, की कोणाच्या मदतीशिवाय इंग्रजी कादंबरी समजायची तर तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं माहीत असावी लागतात. ‘हॅपी’, ‘अनहॅपी’, ‘हॅपिनेस’ हे सगळं मिळून एक कुटुंब. आता ३०० शब्दांचं एक पान घ्या. ९८ टक्के शब्द येत असतील तर पानावर सहा शब्द अनोळखी राहतात. ९५ टक्के येत असतील, म्हणजे वरवर पाहता फारसा फरक नाही, तर पंधरा. सहा शब्दांवरून माणूस उडी मारून पुढे जातो. पंधरा शब्दांत गोष्टीचा धागा तुटतो.

इथून पुढे जे सांगणार आहे त्याच्या मुळाशी एकच म्हणणं आहे: घरच्यांनी इंग्रजीचे मास्तर व्हायचं नाही. गोष्ट मुलाच्या हातून निसटू नये एवढंच पाहायचं, आणि ते काम मराठीत उत्तम होतं. तुमचं स्वतःचं इंग्रजी जेमतेम असलं तरी यातलं बरंचसं तुम्हाला जमेल.

आधी अडतंय कुठे ते बघा

मदत सुरू करण्याआधी एक संध्याकाळ फक्त निदानाला द्या. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक सोपं समीकरण मांडलं होतं: अक्षरांवरून शब्द ओळखता येणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, बेरीज नाही, त्यामुळे यातली एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्य. घरी हे असं तपासता येतं.

पुस्तकातलं मधलं एखादं पान मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. मग पुढचं पान तुम्ही वाचून दाखवा किंवा ध्वनिपुस्तकातून ऐकवा. दोन्ही पानांवर काय घडलं ते मराठीत, किंवा त्याला जमेल तशा मिसळीत, सांगायला सांगा. परीक्षेचा सूर नको. ‘मला हा भाग कळला नाही, सांग बरं’ एवढं पुरे.

वाचताना अडखळलं, पण ऐकलेलं पान नीट सांगितलं, तर भाषा येते आहे, वाचनाचा वेग आणि सराव कमी पडतो आहे. अशा मुलाला ऐकत ऐकत वाचण्याचा सर्वांत जास्त फायदा होतो. घडाघडा वाचलं, पण दोन्ही पानांबद्दल ‘ते कुठेतरी गेले आणि बोलले’ याच्या पलीकडे काही सांगता आलं नाही, तर अडचण भाषेची किंवा पार्श्वभूमीची आहे. हा प्रकार सर्वांत फसवा, कारण उच्चार झकास असतात आणि वर्गात कोणाला शंकाही येत नाही. मराठीत सगळं नेमकं सांगितलं, पण शाळेतल्या उत्तरात दोनच ओळी लिहिल्या, तर वाचन ठीक आहे, लिहिणं अडतंय; त्यासाठी थेट लेखनाच्या भागाकडे जा.

आणि दोन्ही भाषांत, सोप्या मजकुरातही, अक्षरं सतत उलटसुलट होत असतील, ओळ हरवत असेल, तर शाळेशी बोलून तपासणी करून घ्या. ‘दोन भाषांमुळे गोंधळतंय, होईल ठीक’ म्हणून थांबू नका. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं आणि शब्द ओळखण्यातली मुळातली अडचण, होत नाही, पण दोन भाषांच्या सबबीखाली तो वर्षानुवर्षं झाकला जाऊ शकतो.

द्विभाषिक मुलंही एकसारखी नसतात. एक मूल मराठी पुस्तकं आवडीने वाचतं आणि इंग्रजी शाळेत नव्याने आलेलं असतं. दुसरं लहानपणापासून इंग्रजीतच शिकलेलं, मराठी फक्त आजीशी बोलण्यापुरती. पहिल्याला वाचायचं कसं ते ठाऊक आहे: अंदाज बांधणं, पात्रांवर संशय घेणं, मागची पानं चाळणं. ही कौशल्यं भाषा बदलली म्हणून पुसली जात नाहीत, फक्त शब्द आणि वाक्यरचना भरून काढायची असते. दुसऱ्याकडे इंग्रजी शब्द जास्त असतात, पण गुंतागुंतीच्या विषयावर मराठीत बोलायची सवय नसते. तेव्हा त्याच्याशी बोलताना वाक्यात निम्मे शब्द इंग्रजी आले तर येऊ द्या. त्या वेळी मराठी सुधारत बसलात तर तो गोष्टीबद्दल बोलणं बंद करेल.

पुस्तक उघडण्याआधीचा अर्धा तास

घरून जी मदत होऊ शकते तिच्यात हा अर्धा तास मला सर्वांत मोलाचा वाटतो. पुष्कळ घरांत नेमका हाच वगळला जातो, कारण हातात काही ‘वाचलं’ असं दिसत नाही.

१९८८ मध्ये अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉलची माहिती असलेली मुलं वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. विषय ठाऊक असला की भाषेतली पोकळी बरीचशी आपोआप भरते. शाळेत लावल्या जाणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांत अशी गृहीत धरलेली माहिती ठासून भरलेली असते, आणि लेखकाने ती सांगितलेली नसते, कारण त्याच्या मनातल्या वाचकाला ती घरातूनच मिळालेली असते.

उदाहरणं घेऊ. ‘ॲनिमल फार्म’ १९४५ ची. १९१७ ची रशियन क्रांती आणि त्यानंतर स्टालिन-ट्रॉट्स्की यांच्यातला सत्तासंघर्ष मुलाला दहा वाक्यांत सांगितला नाही, तर त्याच्यासाठी ती डुकरांची आणि घोड्यांची थोडी विचित्र गोष्ट राहते, आणि शिक्षक वर्गात ‘नेपोलियन (गोष्टीतला सत्ताधारी डुक्कर) कोणाचं प्रतीक?’ विचारतात तेव्हा ते फ्रान्सच्या दिशेने पळतं. ‘अ ख्रिसमस कॅरल’ १८४३ ची. गरिबांना वर्कहाउसमध्ये कामाला जुंपणारा १८३४ चा इंग्लंडमधला कायदा माहीत नसेल, तर ‘वर्कहाउसं बंद पडली की काय?’ हा कथेतल्या कंजूष स्क्रूजचा प्रश्न किती निष्ठुर आहे ते कळणारच नाही. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ १९६० मध्ये आली, पण तिच्यातला काळ १९३० च्या दशकातला, जागा अमेरिकेच्या दक्षिणेतलं अलाबामा. मंदीचे दिवस, कायद्याने लादलेला वर्णभेद. शिवाय त्यात मुलं वडिलांना थेट नावाने हाक मारतात. मराठी घरातल्या मुलाला हे एकतर उद्धटपणाचं वाटतं किंवा तो माणूस वडील आहे हेच पहिल्या काही पानांत लक्षात येत नाही.

तेव्हा आधी चार गोष्टी शोधा: काळ कोणता, जागा कोणती, गोष्ट कोण सांगतंय आणि त्या समाजात कोणाचं कोणावर चालतं. विश्वकोश किंवा शाळेचं टिपण पुरतं. एखादा जुना फोटो, नकाशा, पाच-दहा मिनिटांची माहितीफीत दाखवा, आणि बोला मराठीत. इतिहास मराठीत कळला तरी इंग्रजी पानावर तो तितकाच कामाला येतो.

गोष्ट आधी सांगून टाकली तर मजा जाईल का? माझं मत स्पष्ट आहे: ज्या मुलाला भाषेशी झगडावं लागतंय त्याला सुरुवातीचा एक तृतीयांश कथाभाग आधी सांगायला काही हरकत नाही. महाभारतात पुढे काय होणार हे माहीत असूनही लोक ऐकतातच. शेवटची कलाटणी मात्र राखून ठेवा, पानं उलटायला काहीतरी कारण हवं.

याच अर्ध्या तासात नावांचा कागद तयार करा. इंग्रजी कादंबरीत एकच माणूस तीन नावांनी वावरतो. विल्यमचा बिल होतो, रॉबर्टचा बॉब, रिचर्डचा डिक, मार्गारेटची पेगी किंवा मेग, एडवर्डचा नेड किंवा टेड. एलिझाबेथची तर लिझी, बेथ, बेट्सी, काहीही होतं. त्यातच शिक्षक त्याला आडनावाने हाक मारतात आणि शेजारीण ‘मिस्टर’ लावून. मूल यांना तीन वेगळे लोक समजतं आणि मग प्रसंगांचा ताळमेळ लागत नाही. कागदावर प्रत्येक माणसासमोर त्याची सगळी नावं, नातं आणि एक खूण लिहायची: ‘लंगडतो’, ‘खोटं बोलतो’. हा कागद पुस्तकातच ठेवावा आणि मुलाने स्वतः भरत जावा.

पहिली वीस पानं एकत्र

कादंबरीची सुरुवात सहसा सर्वांत अवघड असते. वर्णनं दाट, माणसं नवी, लेखकाची लकब अनोळखी. चाळीसाव्या पानानंतर तेच पुस्तक सोपं वाटायला लागतं, कारण लेखक तेच शब्द पुन्हा पुन्हा वापरतो. म्हणून ताकद खर्च करायची ती इथे.

पहिली वीस-पंचवीस पानं मुलाला एकट्याला वाचायला लावू नका. तुमचं इंग्रजी बरं असेल तर आळीपाळीने वाचा. नसेल तर ध्वनिपुस्तक लावा, वेग थोडा कमी करा, आणि मुलाने छापील पानावर बोट किंवा नजर फिरवत ऐकावं. नुसतं ऐकणं वेगळं. डोळ्यांसमोर ओळ असेल तरच शब्दाचं रूप आणि आवाज यांची गाठ पडते. ऐकणं म्हणजे फसवणूक, असं काही पालकांना वाटतं. तसं नाही. चांगला वाचक उपरोध, दरडावणी, कुजबुज आवाजातून दाखवतो, आणि नेमकं तेच कागदावर मुलाला दिसत नसतं.

प्रत्येक प्रसंग संपला की थांबा. दर पानाला नको, प्रसंगाला. प्रश्न मोजकेच: आत्ता कोण कोण होतं? कोणाला काय हवं होतं? ते मिळालं का? आता पुढे काय होईल असं वाटतं? उत्तर मराठीत आलं तरी चालेल, चुकलं तरी लगेच दुरुस्त करू नका, ‘असं कशावरून?’ विचारा आणि मुलाला ती ओळ शोधू द्या. ज्या पालकांना इंग्रजी येत नाही त्यांना इथे एक फायदाच असतो. तुम्हाला खरंच माहीत नसतं, त्यामुळे मूल खरोखर समजावून सांगतं. उत्तर माहीत असलेल्या माणसाला गोष्ट सांगण्यात कोणालाच रस नसतो.

शब्द: कोणते धरायचे, कोणते सोडायचे

दर अनोळखी शब्दाला शब्दकोश उघडला की तासाला दोन पानं होतात आणि आठवड्यात पुस्तकाचा तिटकारा येतो. वाचताना हातात फक्त पेन्सिल असावी. शब्द अडला की समासात बारीक टिंब, आणि पुढे. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर चिकट कागदाची पट्टी. एकच अपवाद: तोच शब्द तिसऱ्यांदा आला किंवा त्याच्यावाचून प्रसंगच कळेना, तर तेवढा लगेच बघा.

प्रकरण संपल्यावर टिंबांकडे परत या. निम्मी टिंबं तोवर आपोआप सुटलेली असतात. उरलेल्यांतून पाच-सहा शब्द निवडायचे, सगळे नाही. इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिओन यांनी शब्दांचे तीन थर सांगितले आहेत: रोजच्या बोलण्यातले, लिखित भाषेत सगळीकडे भेटणारे आणि एखाद्या विषयापुरते. वेचायचे ते मधल्या थरातले. जहाजाच्या दोरखंडाचं नाव किंवा बग्गीचा प्रकार सोडून द्या. ‘काहीतरी दोरखंड’ एवढ्यावर काम भागतं. पण ‘रिलक्टंट’, म्हणजे करायला मन न घेणारा, हा शब्द पुढच्या प्रत्येक पुस्तकात भेटणार आहे.

कादंबऱ्यांत शब्दांचा एक गठ्ठा असा असतो, की तो एकदा हाती आला की वाचनाचा वेग जाणवण्याइतका वाढतो. तो म्हणजे हावभावांचे आणि बोलण्याच्या तऱ्हांचे शब्द. ‘फ्राउन’ म्हणजे कपाळाला आठ्या घालणं, ‘श्रग’ म्हणजे खांदे उडवणं, ‘साय’ म्हणजे सुस्कारा टाकणं, ‘ग्लेअर’ म्हणजे डोळे वटारणं, ‘फिजेट’ म्हणजे चुळबुळ करणं, ‘स्मर्क’ म्हणजे कुत्सित हसणं, ‘मटर’ म्हणजे पुटपुटणं, ‘स्नॅप’ म्हणजे खेकसणं. मुलं हे शब्द बोलताना वापरत नाहीत आणि शाळेत ते कोणी मुद्दाम शिकवत नाही, पण इंग्रजी कादंबरीत पात्राचं मन बऱ्याचदा इथेच उघड होतं. ते पाठ करायचे नाहीत, करून दाखवायचे. जेवताना कोणीतरी ‘ग्लेअर’ करायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. दोन आठवड्यांत वीसेक शब्द हसतखेळत बसतात.

दुसरा गठ्ठा जोडक्रियापदांचा. सुटे शब्द सगळे पहिलीतले, पण एकत्र आले की अर्थ भलताच. ‘पुट अप विथ’ म्हणजे खपवून घेणं, ‘गेट अवे विथ’ म्हणजे करूनसवरून सहीसलामत सुटणं, ‘लेट ऑन’ म्हणजे सुगावा लागू देणं, ‘टर्न डाउन’ म्हणजे नकार देणं. इथे मूल टिंबच करत नाही, कारण सगळे शब्द त्याला ‘येतात’. म्हणून अधूनमधून एखादं साधं दिसणारं वाक्य तुम्हीच विचारा.

शब्दाचा अर्थ वहीत लिहिताना एकाच मराठी शब्दाची बरोबरी लावू नका. पुस्तकातलं ते वाक्य, त्याखाली त्याचा मराठीत भावार्थ, आणि मुलाने स्वतः केलेलं एक वाक्य, एवढं असावं. रोज तीसची यादी करण्यापेक्षा आठवड्याला असे दहा शब्द जास्त टिकतात.

वाक्यं, आणि मराठी वाचकाच्या वाटेतले खड्डे

सगळे शब्द येतात आणि वाक्य कळत नाही, हे फार वेळा होतं. ‘द मॅन हू हॅड सोल्ड हिम द हॉर्स वॉज गॉन’ हे वाक्य घ्या. घाईत वाचणारं मूल शेवटचे तीन शब्द पकडतं आणि म्हणतं, घोडा नाहीसा झाला. नाहीसा झालाय तो घोडा विकणारा माणूस. मराठीत आपण ‘ज्या माणसाने घोडा विकला होता, तो’ असं म्हणून वाट दाखवतो आणि क्रियापद शेवटी ठेवतो. इंग्रजीत कर्त्याच्या पाठीमागे शेपटं जोडत जातात आणि मुख्य क्रियापद मध्येच कुठेतरी सापडतं. उपाय साधा आहे: लांब वाक्यात आधी ‘कोणी काय केलं’ याचे दोन-तीन शब्द अधोरेखित करायचे, बाकीची शेपटं नंतर एकेक करून वाचायची. एका प्रकरणात अशी तीन वाक्यं सोडवली तरी पुरे.

आणखी काही जागा अशा आहेत जिथे मराठी डोक्याने वाचणारं मूल हमखास घसरतं. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ यावरून आपल्याला पहिल्याच वाक्यात बोलणारा कळतो. इंग्रजी ‘आय’ काही सांगत नाही. निवेदक मुलगा आहे की मुलगी हे कधीकधी पाच पानांनंतर उमगतं. आपल्याकडे ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतून नातं आणि मान लगेच दिसतो. इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’. तिथे मान, राग, जवळीक शोधायची ती ‘सर’, ‘मॅम’, आडनाव, लाडकं नाव किंवा अचानक उच्चारलेलं पूर्ण नाव यांत. आईने एरवीच्या ‘टॉमी’ला ‘थॉमस’ म्हटलं की काहीतरी बिनसलंय. एखादा प्रसंग ‘हे मराठीत बोलले असते तर कोण कोणाला तू म्हणालं असतं?’ असा विचारून पाहा. पात्रांमधल्या सत्तेबद्दल मुलं यातून जेवढं बोलतात तेवढं कुठल्याही प्रश्नावलीतून बोलत नाहीत.

संवाद लिहिण्याची पद्धतही सांगून टाकावी. नवा परिच्छेद म्हणजे सहसा नवा बोलणारा. ‘तो म्हणाला’ दरवेळी लिहिलेलं नसतं. गोंधळ झाला तर समासात दोन पात्रांची अक्षरं आलटूनपालटून लिहायची. ‘हॅड’ची रांग लागली की गोष्ट मागच्या काळात गेली असं समजायचं. आणि पात्राच्या मनातलं निवेदकाच्या तोंडून आलं की जास्तच सावध राहायचं: ‘शी लुक्ड ॲट द क्लॉक. ऑफ कोर्स ही वॉजन्ट कमिंग.’ (तिने घड्याळाकडे पाहिलं. तो अर्थातच येणार नव्हता.) दुसरं वाक्य लेखकाचं नाही, तिचं आहे, आणि ते खरं असेलच असंही नाही. बोलीतलं लेखन, म्हणजे गाळलेली अक्षरं आणि वेडीवाकडी स्पेलिंगं, डोळ्यांनी कळत नाही. ते मोठ्याने वाचलं की कानाला कळतं.

वेळेचा हिशेब

२४० पानं आणि चार आठवडे असतील तर २४० भागिले २८ करू नका. आजारपण, इतर विषय, उजळणी यांसाठी आठ दिवस बाजूला ठेवा. उरले वीस, म्हणजे रोज बारा पानं. आता घड्याळ लावून मुलाला दोन पानं वाचू द्या. आठ मिनिटं लागली तर बारा पानांना अठ्ठेचाळीस मिनिटं. तासाच्या वर जात असेल तर एक प्रकरण वाचायचं, एक ऐकत वाचायचं, आणि शिक्षकांना हे कळवायचं. पुढच्या वर्षीच्या कादंबऱ्यांची नावं सुट्टीआधी मागून घेतली तर निम्मा ताण तिथेच जातो. बहुतेक शिक्षक आनंदाने सांगतात, कोणी विचारत नाही एवढंच. ध्वनिपुस्तक आणि मराठीतली टिपणं वर्गात चालतील का, हेही त्याच वेळी विचारावं.

भाषांतर, सिनेमा, सारांश, यंत्र

मराठी भाषांतर मिळालं तर घ्या, पण दोन पुस्तकं शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहू नका. त्यात वाचन मरतं. अवघड प्रकरण आधी मराठीत, मग इंग्रजीत, असा क्रम ठेवा. सिनेमा पुस्तक संपल्यावर, किंवा फार तर सुरुवातीची पंधरा मिनिटं काळ आणि कपडे डोळ्यांसमोर यावेत म्हणून. सिनेमात शेवट बदललेला असू शकतो आणि उत्तरपत्रिकेत तो बदललेला शेवट उतरलेला शिक्षकांना लगेच कळतो.

तयार सारांश प्रकरण वाचल्यावर आपण काही गाळलं का ते बघायला ठीक. भाषांतर करणाऱ्या ॲपला सुटा शब्द देऊ नका, पूर्ण वाक्य द्या, आणि वाक्प्रचार असेल तर उत्तरावर भरवसा ठेवू नका. एआय चॅटबॉट एका अवघड वाक्याची फोड छान करून देतो. पण पुस्तकात काय घडतं ते विचारलं की कधीकधी न घडलेले प्रसंगही आत्मविश्वासाने सांगतो. म्हणून नियम असा: यंत्राला वाक्य विचारायचं, प्रकरण नाही, आणि त्याने सांगितलेलं पानावर सापडलं तरच खरं.

पुस्तकावर लिहायची वेळ येते तेव्हा

शाळेला गोष्ट परत सांगून नको असते. मत, त्याला पुस्तकातल्या शब्दांचा पुरावा आणि त्या पुराव्याचा अर्थ, अशा तीन पावलांचं उत्तर हवं असतं. घरात गोष्ट रंगवून सांगायची सवय असलेली मुलं प्रश्न काहीही असला तरी पहिल्या पानापासून सुरुवात करतात.

आधी विचार मराठीत मोकळा होऊ द्या. ‘तो भित्रा आहे की शहाणा?’ असं काहीतरी भांडण्याजोगं विचारा, तुम्ही मुद्दाम उलट बाजू घ्या आणि फोनवर बोलणं ध्वनिमुद्रित करा. मग मुलाने ते ऐकून तीन मुद्दे इंग्रजीत टिपावेत, प्रत्येकासाठी पुस्तकातली एक छोटी ओळ पान क्रमांकासह शोधावी, आणि मग लिहावं. ‘सेज’ आणि ‘शोज’ यांच्या जोडीला ‘सजेस्ट्स’ (सुचवतं), ‘रिव्हील्स’ (उघड करतं), ‘इम्प्लाइज’ (थेट न सांगता दर्शवतं) ही क्रियापदं हाताशी असली की वाक्य पुढे सरकतं. ‘थीम’ (मुख्य आशय), ‘सेटिंग’ (काळ आणि जागा), ‘नॅरेटर’ (निवेदक), ‘टोन’ (सूर) हे शब्द वर्गात लागणार आहेत, ते इंग्रजीतच शिकू द्या. मराठी प्रतिशब्दांचा आग्रह इथे धरू नये. तुम्ही वाक्य लिहून देऊ नका. लिहून दिलेलं वाक्य मुलाच्या वहीत परकं दिसतं आणि शिक्षकाला मुलाची खरी अडचण दिसेनाशी होते.

वर्गातल्या चर्चेत गप्प राहणाऱ्या मुलासाठी एक छोटी युक्ती आहे. आदल्या रात्री एकच निरीक्षण इंग्रजीत तयार करून मोठ्याने दोनदा म्हणून बघायचं आणि तासाच्या सुरुवातीलाच बोलून टाकायचं. उशीर झाला की ते दुसरं कोणीतरी बोलतं.

शाळेतल्या कादंबऱ्यांत वंशद्वेषी शिव्या, हिंसा, मृत्यू, अत्याचारही येतात. अशा प्रकरणांची कल्पना आधी घ्या आणि त्यावर घरच्या भाषेत बोला. एखादा शब्द पुस्तकात का आहे आणि वर्गात किंवा मैदानावर तो का उच्चारायचा नाही, हे अगदी स्पष्ट शब्दांत सांगावं. मोघम बोललात तर मूल त्याचा अर्थ मित्रांकडून शिकेल.

परवा परीक्षा आणि निम्मं पुस्तक बाकी

असं होतं, आणि तेव्हा उपदेशाचा उपयोग नसतो. उरलेल्या भागाचा प्रकरणवार सारांश आधी वाचा, शक्य तर मराठीत एकमेकांना सांगा. मग तीन जागा मूळ इंग्रजीत पूर्ण वाचा: जिथे गोष्ट वळण घेते ते प्रकरण, मुख्य पात्राचा सर्वांत मोठा निर्णय आणि शेवटची दहा पानं. त्यांतून चार छोटी अवतरणं निवडून पाठ करा, अशी की एकेक अवतरण दोन-तीन प्रश्नांना लागू पडेल. नावांचा कागद नसेल तर वीस मिनिटांत करा. रात्री लवकर झोपवा. परीक्षा झाल्यावर राहिलेली पानं वाचायची की नाही ते मुलावर सोपवा, आणि पुढच्या कादंबरीचं नाव त्याच आठवड्यात शिक्षकांकडून मागून घ्या.